पाच दिवसांनी थोरले

आमच्या घरात काकांचा विषय निघाला की मी उठून अंगणात जातो. सुनांना वाटतं, म्हातारा तिरसट आहे. तिरसट मी आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या माणसाचा खून झाला त्याच्यावरच कोणी इतकी वर्षं रागावून राहतं का, असं धाकट्या मुलाने परवा विचारलं, आणि वाटलं की एकदा लिहून टाकावं. सांगायला बसलो तर मध्येच ओरडायला लागेन.

काका माझे सख्खे काका नव्हेत. ग्वाल्हेरात गोरखीच्या मागच्या गल्लीत आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. माझे वडील रियासतीच्या फौजेत होते. मी मॅट्रिक झालो त्याच वर्षी ते गेले आणि आई शिवणकाम करू लागली. काका एका सरकारी दफ्तरात जुने, मुरलेले लेखनिक. त्यांनी एक दिवस आईला सांगितलं, "वहिनी, याला उद्यापासून माझ्याबरोबर पाठवून द्या. साहेबांशी बोलून ठेवलं आहे." झालं. मी नोकरदार झालो. कागद कसा घडी घालायचा, मसुद्यात 'मी' कसा कुठेही येऊ द्यायचा नाही, साहेब रागावले की कोणत्या भिंतीकडे पाहायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी त्यांना देवासारखं मानत होतो असं म्हणणार नाही, कारण देवाला मी रोज नमस्कार करत नसे. काकांना करत असे.

काकांच्या समोरच्या टेबलावर मुंशीजी बसायचे. पिढीजात कायस्थ, अक्षर मोत्यासारखं, आवाज इतका हळू की शिपायाला दोनदा विचारावं लागे. हे दोघे एकाच हुकमाने, एकाच दिवशी नोकरीला लागलेले. अठरा वर्षं समोरासमोर बसलेले. डबा एकत्र, घरी जाताना फूलबागेपर्यंत पायी एकत्र. काका त्यांना 'भाईसाब' म्हणायचे. मला तो सभ्यपणा वाटायचा. मी लागलो तेव्हा दसरा झाला होता, त्यामुळे पावसाळ्यात त्या दफ्तरात काय होतं ते मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

त्याच सुमारास संस्थानं विलीन होऊन मध्य भारत झाला. वर्तमानपत्रांत मोठमोठी भाषणं छापून येत होती. आमच्या दफ्तरात त्याचा अर्थ इतकाच होता की एका खुर्चीला ग्वाल्हेरचा एक, इंदूरचा एक आणि कुठल्याशा लहान संस्थानाचा एक, असे तीन दावेदार झाले. मग वरून हुकूम आला की सगळ्यांची ज्येष्ठतेची यादी करा. आधी लागलेला वर, मागून लागलेला खाली. आणि दोघे एकाच दिवशी लागले असतील तर वयाने मोठा तो वर. जन्मतारखा इंग्रजी हव्यात. जुन्या सेवापुस्तकांत तर सगळा संवत आणि तिथी. त्या तिथ्यांच्या तारखा काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यांत नवा होतो आणि घरी आजोबांच्या वेळची पंचांगं बांधून ठेवलेली होती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, तिथल्या हिंदी लोकांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं नाव एकच. वद्य पक्ष लागला की ते एक महिना पुढे. आपल्याकडे आषाढ वद्य चालू असतो तेव्हा त्यांचा श्रावण, म्हणजे सावन, लागलेला असतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे पोराटोरांनाही माहीत असतं. गोकुळाष्टमी आमची श्रावणातली आणि शेजाऱ्यांची भादोंतली, पण पाळणा एकाच रात्री हलतो.

काकांच्या सेवापुस्तकात आषाढ वद्य दशमी होती. मुंशीजींच्या पुस्तकात सावन बदी पंचमी, बदी म्हणजे वद्यच. संवत एकच. काकांची तिथी मराठी धरली तर दोघांचा पंधरवडा एकच येतो आणि मुंशीजी पाच दिवसांनी थोरले ठरतात. काकांची तिथी हिंदी धरली तर काका एक महिना मागे सरकतात, आणि तेच पंचवीस दिवसांनी थोरले होतात. मी कच्चा कागद घेऊन काकांकडे गेलो.

"काका, तुमची तिथी आपल्या पद्धतीने घेऊ का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नको. ती नोंद वडिलांनी इथल्या पंडितजींकडून लिहवून घेतली होती. त्यांच्याच हिशोबाने आहे. तू सीधी हिंदी पंचांगावरून घे. ज्यादा दिमाग नको लावू."

मी दिमाग लावला नाही. ज्याने हाताला धरून कामाला लावलं त्याच्यावर दिमाग कोण लावतं? यादीत काका वर गेले, मुंशीजी खाली. याचा अर्थ काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. वरचा माणूस अधीक्षक होऊन ग्वाल्हेरला राहणार आणि खालचा इंदूरला जाणार.

मुंशीजींना इंदूरला जाणं शक्य नव्हतं. त्यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती. आम्ही त्यांना चाचीजी म्हणायचो. आपल्या घरात त्या पावलं मोजून चालायच्या, चुलीपासून विहिरीपर्यंत कोणाचा हात लागत नसे. दुसऱ्या गावात त्यांना खाटेवर बसून राहावं लागलं असतं. हे काकांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्या घरी ते शेकडो वेळा जेवले होते, चाचीजींच्या हातचं.

यादी फळ्यावर लागली तेव्हा मुंशीजी आधी हसले. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "लल्ला, गलती कर गए. हर सावन में तुम्हारे काका सबके सामने मेरे पैर छूते हैं. कहते हैं, पाँच दिन बड़े हैं तो क्या, बड़े तो हैं. अठारह साल से पूरा दफ्तर देख रहा है."

मी म्हटलं, "मुंशीजी, मैंने पूछा था. काका ने ही कहा, हिंदी पंचांग से लो."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि ते काकांच्या टेबलाकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. काकांनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली. त्या दिवशी दोघे फूलबागेपर्यंत एकत्र गेले नाहीत.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. त्यांनी मला चहा दिला, पाठीवर हात ठेवला. "तू घाबरू नकोस. मुंशीजी हरकत घेतील, मग साहेब मला विचारतील. मी सगळं सांभाळून घेतो. तुझ्या नावाला धक्का लागू देणार नाही, हा माझा शब्द आहे." मी चहा पिऊन परत आलो. तो चहा मला आजही आठवतो आणि स्वतःची लाज वाटते.

मुंशीजींनी लेखी हरकत घेतली. साहेबांनी काकांकडून खुलासा मागवला. काकांनी तो बंद पाकिटात दिला. त्यात काय होतं ते आम्हाला कोणाला कळलं नाही. एवढंच कळलं की साहेबांनी यादी तूर्त तशीच ठेवली आणि मुंशीजींना इंदूरला रुजू होण्याचा कागद मिळाला.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मुंशीजी काकांच्या टेबलाशी उभे राहिले. मी दहा हातांवर फाइल घेऊन उभा होतो. ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलले, म्हणून सगळ्यांनी मान वर केली.

"कुर्सी रख लो. मैं चला जाऊँगा. बस एक बार सबके सामने वही कह दो जो अठारह साल से कहते आए हो."

काकांनी वर पाहिलं नाही. "दफ्तर में रिश्तेदारी नहीं होती, मुंशीजी. रिकॉर्ड में आप मुझसे छोटे हैं."

टेबलावर फाइली शिवायचं दाभण होतं. प्रत्येक टेबलावर असायचं. मुंशीजींनी ते उचललं आणि काकांच्या गळ्यात मारलं. एकदाच. मग ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पोलीस येईपर्यंत हात टेबलावर ठेवून बसून राहिले. काकांना उचलून नेईपर्यंत ते संपले होते. मी काय केलं, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी फाइल खाली ठेवली. दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

खटला इंदरगंजाच्या कचेरीत चालला. मारणारा कोण यावर वाद नव्हताच, वीस जणांनी पाहिलं होतं. वाद एवढाच होता की हा थंड डोक्याने केलेला खून आहे, की अचानक डोकं फिरावं असं काही घडलं होतं. पहिलं ठरलं तर फाशी किंवा जन्मठेप. दुसरं ठरलं तर काही वर्षांची कैद, आणि मुंशीजी जिवंत घरी येण्याची आशा. मुंशीजींच्या वकिलाचं म्हणणं असं की मयताला खरं काय ते माहीत होतं, त्याने जाणूनबुजून मित्राला खाली ढकललं आणि वर चारचौघांत पाणउतारा केला. पण हे सिद्ध करायचं कोणी? पाया पडण्याची गोष्ट दफ्तरातल्या एकानेही सांगितली नाही. "ध्यान नहीं है, साहब." एकामागून एक. ज्यांनी अठरा श्रावण त्या दिवशीची मिठाई खाल्ली होती त्यांना एकही आठवेना. कारण सोपं होतं. तारखा बदलताना प्रत्येकाने आपलं थोडं थोडं साधून घेतलं होतं, निवृत्ती लांबावी म्हणून कोणी सहा महिने तरुण झाला होता, कोणी वर्षभर. सगळ्यांचंच पाणी कुठे ना कुठे मुरत होतं, आणि एका तिथीची चौकशी सुरू झाली असती तर ती त्यांच्यापर्यंत आली असती.

मग उरलो मी. काकांनीच मला तसं घ्यायला सांगितलं, हे फक्त मला माहीत होतं. आणि मुंशीजींना, कारण मीच त्यांना सांगितलं होतं.

साक्षीच्या आधल्या आठवड्यात चाचीजी आमच्याकडे आल्या. त्यांच्या भावाने हाताला धरून आणलं होतं. आईने पाट दिला, पण त्या उंबऱ्याशी उभ्याच राहिल्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत.

"लल्ला, जो तुमने इनसे कहा था, वही वहाँ कह देना. और कुछ मत कहना."

मी म्हटलं, "हाँ चाचीजी. कह दूँगा."

त्या गेल्यावर आईने शिवणयंत्रात दोरा ओवून घेतला. मग म्हणाली, "तुला जे करायचं ते कर. पण काकांच्या घराचं आपण खाल्लं आहे. तुझी काकू आता विधवा आहे. तिचा नवरा मेला तो मेला, वर लबाड ठरवून त्याला आणखी मारायचं, तर तुझं तू बघ." काकूंनी स्वतः एक शब्द सांगून पाठवला नाही. काकांच्या तेराव्याला त्यांनी मला घरच्या मुलासारखं पंगतीत वाढायला लावलं होतं, तेवढंच पुरेसं होतं. खाल्ल्या मिठाला जागावं, हे आम्हा फौजी घरांतल्या लोकांना जरा जास्तच शिकवलेलं असतं. मिठाला जागताना कोणाची मान चाललीय ते बघायला मात्र कोणी शिकवत नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलाने विचारलं, यादीतली तारीख कोणी काढली? मी म्हटलं, मी. मयताने काही सूचना दिली होती? मी म्हटलं, नाही. गणित माझं, चूक माझी, त्यांना काही ठाऊक नव्हतं. हे बोलताना मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. ते काकांनीच शिकवलं होतं. मुंशीजी माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. मला वाटत होतं की मी फार मोठा त्याग करतो आहे, नोकरी गेली तर जाऊ दे, मेलेल्या माणसाचं नाव राखतो आहे.

मग मुंशीजींचा वकील उठला. म्हातारा, दमेकरी माणूस. त्याने हरकतीची फाइल दफ्तरातून मागवून घेतली होती. त्यातला एक कागद त्याने माझ्या हातात दिला.

"अक्षर ओळखता?"

ओळखणार नाही तर काय? त्याच अक्षरावरून मी लिहायला शिकलो होतो. तो काकांचा खुलासा होता, बंद पाकिटातला.

"वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. हिंदीत होतं, दफ्तरी थाटाचं. त्यात 'मी' कुठेही नव्हता. लिहिलं होतं की तिथीच्या गणनेत फरक आहे ही गोष्ट खरी. मात्र ती गणना नव्या लिपिकाने निवेदकाच्या, म्हणजे काकांच्या, नकळत, निवेदकाला प्रसन्न करण्याच्या हेतूने केलेली आहे. सदर लिपिकाच्या घरची परिस्थिती हलाखीची असून त्यास बढतीची लालसा आहे. त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. आणि निकाल लागेपर्यंत यादी आहे तशी ठेवावी, ही विनंती.

खाली सही आणि तारीख. मला चहा पाजला त्यानंतर तीन दिवसांनी लिहिलेला.

माझ्या आईची शिवणसुद्धा त्यांनी त्यात घातली होती. 'घरची परिस्थिती हलाखीची.' कागद वाचून झाला तेव्हा आयुष्यात कधी आला नाही इतका राग आला होता. मी न विचारता ओरडलो, "झूठ है. इन्होंने खुद कहा था. मैंने पूछा था और इन्होंने कहा था, हिंदी पंचांग से लो. चाय पिलाकर बोले थे, तुम्हारे नाम पर आँच नहीं आने दूँगा."

कचेरीत कुजबुज झाली. जजसाहेबांनी लेखणी थांबवली.

"थोड्या वेळापूर्वी तुम्ही शपथेवर सांगितलं की मयताला काही माहीत नव्हतं. खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तेव्हा."

"आणि हा कागद वाचायला दिला नसता, तर?"

मी हातातल्या कागदाची घडी घालू लागलो. त्यांनी ते लिहून घेतलं.

निकालात माझ्यासाठी चार ओळी होत्या. हा साक्षीदार एका तासात दोन गोष्टी शपथेवर सांगतो. दुसरी गोष्ट तो स्वतःवरचा आरोप वाचून, संतापाच्या भरात सांगतो. त्याच्या कुठल्याच म्हणण्यावर विसंबता येत नाही. राहिला काकांचा खुलासा. त्यात ते स्वतःला निर्दोषच म्हणत होते, आणि त्यांना खोटं ठरवणारा एकुलता एक माणूस मी, ज्याच्यावर विसंबता येत नव्हतं. वकिलाचं म्हणणं फेटाळलं गेलं. खून. वय आणि आधीची वागणूक पाहून फाशी न देता जन्मठेप.

मी पहिल्यांदाच, सरळ, चाचीजींना सांगितलं होतं तसं बोललो असतो, तर चूक कबूल करूनही यादी तशीच ठेवा म्हणणारा तोच कागद माझ्या बोलण्याला पुरावा झाला असता. वकिलाने तो त्याचसाठी आणला होता. हे मला त्या म्हाताऱ्याने नंतर जिन्यात खोकत खोकत समजावून सांगितलं. तो रागावला नव्हता, नुसता थकला होता. अधीक्षकाची खुर्ची यादीतल्या तिसऱ्या माणसाला मिळाली. चाचीजींना भावाने आपल्या गावी नेलं.

निकालाच्या दिवशी मुंशीजींना बाहेर आणलं तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. दोन्ही बाजूंना शिपाई, हातात बेड्या. मला वाटलं न बघता जातील. ते थांबले. शिपाईही थांबले, त्यांच्याशी सगळे जरा अदबीनेच वागत. आवाज नेहमीसारखाच हळू होता, मला पुढे वाकावं लागलं.

"सच तुमने बोल तो दिया, लल्ला. पर मेरे लिए नहीं बोला."

मला खूप काही सांगायचं होतं. माफी मागायची होती, चाचीजींबद्दल विचारायचं होतं. मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द निघाला तो 'काकांनी' हाच. पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत.